उभ्या गाडीचं ऑइल

वर्धा
१२ नोव्हेंबर १९८२

चि. रूपराव,

आशीर्वाद. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. तेवढ्यावरून त्यांनी मला गाडी चालवायला मनाई केली. मेट्रन असताना मी अशा सर्जनांना हत्यारं दिली आहेत ज्यांना समोरचंसुद्धा दिसत नसे. त्यांना कोणी मनाई केली नाही. असो.

गाडी परवा तुझ्याकडे पोचेल. ती मी तुला देत नाही, फुलाला देते आहे. तुझ्या वाडीत ती फक्त उभी राहील. फुला माझ्याकडे राहून नर्सिंग शिकत होती तेव्हाच मी तिला गाडी शिकवली, लायसन्स तिच्याजवळ आहे. आता तिला जे उपकेंद्र मिळालं आहे ते डांबरी रस्त्यापासून किती आत आहे हे तू जाणतोस. आपली आई बाळंतपणात अडली, तिला बैलगाडीत घालून कारंज्याला आणताना ती वाटेतच गेली. तू रांगत होतास. म्हणून तर मामांनी मला उचलून नागपूरला कॉन्व्हेंटात घातलं. पुन्हा कोणाची मुलगी त्या कारणाने कॉन्व्हेंटात जाऊ नये, एवढाच माझा हेतू आहे.

आता इंजिनाबद्दल. ही गाडी मुळात पेट्रोलची होती. पेट्रोल चढत गेलं तेव्हा मी नागपूरला जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं हे तुला ठाऊक आहे. चार सिलिंडर, दीड लिटरच्या आत, ताकद चाळीस घोड्यांची. घोडे म्हातारे आहेत. पेट्रोलपेक्षा वजन जास्त, त्यामुळे गाडी पुढून जरा वाकलेली दिसेल. तो दोष नाही. तिला ठिणगी लागत नाही, हवा दाबून दाबून तापते आणि त्यात डिझेल पेटतं. थंडीत हवा तापत नाही, म्हणून आत चार हीटर आहेत. किल्ली अर्धी फिरवून थांबायचं. मी नन्सनी शिकवलेली एक प्रार्थना म्हणते. तू तुझी म्हण, पण घाईने म्हणू नकोस.

टाकी रिकामी होऊ देऊ नये. नळीत एअर शिरली की ती काढेपर्यंत गाडी हलत नाही. किल्ली काढून इंजिन बंद होत नाही. डाव्या हाताला एक नॉब आहे, तो ओढला की डिझेल बंद होतं आणि मग ती थांबते. ऑइलच्या पट्टीवर दोन खुणा आहेत. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असावं. भरल्या दुसऱ्या दिवशीच काळं दिसेल, घाबरू नये, डिझेलचं तसंच असतं.

तुझ्या विहिरीवर इंजिन आहे म्हणून तुला सगळं येतं असं समजू नकोस. रुख्मा वहिनीला आशीर्वाद.

तुझी ताई,
कांता


वाडीवरून, पो. कारंजा (घाडगे)
४ जानेवारी १९८३

ती. ताईंना नमस्कार.

गाडी पाहून सगळ्यांना आनंद झाला. फुला रोज तिच्यातूनच कामावर जाते. तुमचं नाव काढते.

एक अडचण विचारायची होती. यंदा संक्रांतीच्या आधीच इकडे थंडी फार पडली आहे. काल गाडी चालू करायला गेलो तर नुसती कण्हते. दोनचारदा पांढरा धूर सोडला आणि मग तेही नाही. बॅटरी पार उतरली आहे. हवेच्या डब्यात उंदरांनी कापूस भरून घर केलं, एक वायरही कातरली. आमच्या विहिरीचं इंजिन अशा थंडीत मी पेटत्या बोळ्याने चालू करतो, हवेच्या तोंडाशी धरला की घेतं. तसं इथे केलं तर चालेल काय?

संत्र्याचा बहार बरा आहे. डोळे सांभाळा.

आपला भाऊ,
रूपराव


वर्धा
११ जानेवारी १९८३

चि. रूपराव,

पेटता बोळा गाडीजवळ नेलास तर मी पोलिसात कळवीन. खाली रबराच्या नळ्या आहेत, त्यांत डिझेल आहे, आणि वर माझ्या नावाचं कागदपत्र आहे.

पांढरा धूर म्हणजे डिझेल आत गेलं पण पेटलं नाही. हीटर गरम झाले नाहीत, कारण बॅटरीत जीव नाही. इथपर्यंत ठीक. पण जी गाडी रोज वीस मैल जाते तिची बॅटरी रोज भरते. आणि जे इंजिन रोज तापतं त्याच्या हवेच्या डब्यात उंदीर बाळंतपण करत नाहीत. त्यांना तेवढी अक्कल असते.

चाळीस वर्षं मी पेशंटचं तोंड न पाहता त्याचा चार्ट वाचला आहे. तुझ्या गाडीचा चार्ट असं सांगतो की ती आल्यापासून हलली नाही. आता खरं लिही.

कांता


वाडीवरून
२ फेब्रुवारी १९८३

ती. ताईंना नमस्कार.

तुमच्यापुढे खोटं टिकत नाही, हे लहानपणापासून माहीत असून मी लिहिलं. गाडी गुरांच्या कोठ्यात उभी आहे. वर ताडपत्री टाकली आहे.

ताई, तुम्ही वर्ध्यात राहता. तुम्ही गाडी चालवली तर लोक म्हणत, मेट्रनबाई चालल्या. इथे कारंज्याच्या रस्त्याला ट्रक आणि ढाबे. तिथून माझी पोरगी स्टिअरिंग धरून गेली तर लोक काय म्हणतील ते मला ऐकावं लागेल, तुम्हाला नाही. शिवाय सिंदी रेल्वे गावच्या अण्णाजींकडून फुलासाठी विचारणा आहे. कापसाचे व्यापारी आहेत, मुलगा एकुलता एक. कापसाची धांदल संपली की पावसाळ्यात येऊन पाहू म्हणाले. तेवढं पार पडू द्या. पुढे नवऱ्याने चालवू दिली तर तिने खुशाल चालवावी.

फुलाला मी सांगितलं तर ती काही बोलली नाही. सायकलने जाते. समजूतदार आहे.

रूपराव


वर्धा
९ फेब्रुवारी १९८३

चि. रूपराव,

ज्या मुलीला सांगितल्यावर ती काही बोलत नाही, तिला समजूतदार म्हणणारा बाप मी आधीही पाहिला आहे. आपलेच बाबा.

तुला दिवाळीपर्यंत वेळ देते. तोवर फुला गाडी चालवताना दिसली नाही तर मी गाडी परत आणून विकून टाकीन. कोठ्यात बांधून ठेवायला मी म्हैस पाठवली नव्हती.

कांता


वाडीवरून
२० एप्रिल १९८३

ती. ताईंना नमस्कार.

रागावू नका, आज गाडीचंच विचारतो आहे.

संत्र्याचे ट्रक घेऊन मी महिनाभर नागपूरला ये-जा करत होतो. परवा सहज ताडपत्री काढून पाहिली. काही गोष्टी समजत नाहीत. टाकीत काडी घालून पाहिली तर डिझेल निम्म्यावर आलं आहे. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली आहे. मागच्या नळीला ताजी काजळी आहे, बोटाला लागते. ड्रायव्हरची सीट अगदी पुढे सरकली आहे, माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. आणि चाकांना तांबडा मुरूम आहे. आमच्या कोठ्यात तर काळी माती.

गाडीला हात कोणी लावला असेल तर लहानूनेच. सालदार म्हणून कोठ्याची किल्ली त्याच्याकडे असते. रुख्माला विचारलं तर ती म्हणते, "तुमाले सपनं पडून राह्यले काय? गाडी अथीच तं हाय." अक्षय तृतीयेला लहानूचं साल संपतं. पुढचं साल त्याला ठेवायचं नाही असं मनात आहे. त्याआधी म्हटलं तुम्हाला विचारावं, उभ्या गाडीत असं होतं काय?

रूपराव


वर्धा
२७ एप्रिल १९८३

चि. रूपराव,

बरं झालं विचारलंस. उभ्या गाडीत हे सगळं होतं.

विदर्भाच्या उन्हात डिझेल उडून जातं. तुझी टाकी उडूनही निम्मी राहिली, म्हणजे कोठा थंड आहे. जुन्या इंजिनातलं ऑइल उभ्याउभ्या सुकतं; लोखंड ते पितं. काजळी ही उष्णतेने आतून सुटून तोंडाशी येते, तीच तुझ्या बोटाला लागली. सीटच्या स्प्रिंगा तापल्या की आखडतात आणि सीट पुढे येते. मुरूम गेल्या नोव्हेंबरातला असेल. तू गाडी धुतली होतीस का?

लहानूला काही बोलू नकोस. त्याला गाडी चालू करता येत नाही हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. इतक्या वर्षांच्या माणसावर आळ घेण्याआधी आरशात पाहावं.

कांता


वर्धा
२७ एप्रिल १९८३

चि. फुला,

हे पत्र उपकेंद्राच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून फाडून टाक.

तुझ्या बापाला मी आज पानभर शास्त्रीय खोटं लिहिलं. माणसांबद्दल खोटं लिहायला मला काही वाटत नाही; यंत्राबद्दल पहिल्यांदाच लिहिलं आणि फार वाईट वाटलं.

गाडी तू चालवतेस. सीट तुझ्या उंचीला ओढली आहेस आणि मुरूम तुझ्या उपकेंद्राच्या रस्त्याचा आहे. चालवतेस हे उत्तम. पण चोरी करायची तर नर्ससारखी कर, वस्तू जिथून उचलली तिथे परत ठेव. सीट मागे सरकव. चाकं पूस. डिझेल भर.

ऑइल खालच्या खुणेखाली गेलं हे मात्र वाईट आहे. इंजिन म्हातारं आहे, ते ऑइल खातं. दर आठवड्याला पट्टी काढून पाहा आणि लागेल तेवढं घाल. धूर काळा आला तर गाडीवर ओझं जास्त आहे किंवा हवेचा डबा चोंदला आहे. निळा आला तर ऑइल जळतं आहे. निळ्या धुराची सवय करून घेऊ नकोस.

बापाला इतक्यात सांगू नकोस. ते सिंदीचं स्थळ आधी जमू दे किंवा मोडू दे. आता सांगितलंस तर तो कोठ्याला दुसरं कुलूप लावील.

तुझी आत्या


उपकेंद्रातून
९ मे १९८३

ती. आत्यांना नमस्कार.

पत्र वाचलं. फाडलं नाही, सीटच्या फटीत ठेवलं होतं, पण सीट मागे सरकवताना सापडेल म्हणून मग फाडलं.

बाबा ट्रकबरोबर गेले की मी गाडी काढते. सुरुवातीला बॅटरी मेलेली होती. हायवेवरच्या बंडूजींनी, ते विहिरीची इंजिनं दुरुस्त करतात ना, ती नेऊन भरून आणली, उंदरांचं घरही काढलं. कोठ्याचं दार आई घरातल्या दुसऱ्या किल्लीने उघडते. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "जाजो, पण तोंडावर पदर घेजो." मी म्हटलं, पदर घेतला तर दिसणार कसं? ती म्हणाली, "तं मंग लवकर जाजो."

आतापर्यंत ज्यांना कारंज्याला नेलं त्या सगळ्या घरी सुखरूप आहेत. एकीला तर पुढे सेवाग्रामलाही नेलं. तिच्या सासूने गाडीतच नातवाचं नाव मोटर ठेवायचं म्हणून हट्ट धरला होता.

आत्या, गावात सगळ्यांना माहीत आहे. फक्त बाबांना नाही. कोणी सांगत नाही कारण प्रत्येकाच्या घरातली कोणी ना कोणी त्या गाडीत बसून आली आहे. मला हे बरं वाटत नाही. बाबा संध्याकाळी अंगणात बसून लोकांशी बोलतात आणि सगळे त्यांच्याकडे पाहून गप्प असतात. मला वाटतं सांगून टाकावं. पण तुम्ही थांब म्हणता म्हणून थांबते.

ऑइल दर रविवारी पाहते.

तुमची
फुला


वाडीवरून
८ सप्टेंबर १९८३

कांताताई,

परवा पोळा झाला. काय झालं ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळवतो. बाकीचं तुम्हाला आधीच सगळं माहीत होतं असं दिसतं.

अण्णाजी पोळ्याला आले होते. शेती सोडून व्यापारात पडलेले, घरी बैल नाहीत, त्यांना सणाची सवड असते. मी ठरवलं, आपल्या बैलांबरोबर गाडीही तोरणाखाली उभी करायची. वझं ओढणाऱ्याचा सण आहे, मग तीही ओढतेच की. अण्णाजींना दिसलंही असतं की घर कसं आहे. खरं तेच लिहितो.

आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी केली. लोणी-हळदीने खांदे चोळले आणि आमच्याकडे म्हणतात तसं त्यांना म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मग गाडीकडे गेलो. तुम्ही लिहिलं होतं, उभ्या इंजिनातलं ऑइल सुकतं, लोखंड पितं. तेव्हापासून मी महिन्या-दोन महिन्यांनी थोडं थोडं घालत होतो. सणाचं म्हणून त्या दिवशी डबा आणून पूर्ण ओतला. पट्टी पाहिली नाही. सणाच्या दिवशी बैलाला वाढताना कोणी माप लावतं काय?

संध्याकाळी लहानूने आणि पोरांनी गाडी ढकलत नेली. झूल घातली, बोनेटवर बेगड लावली. समोर गावातल्या सगळ्या जोड्या, तोरण, पोरंठोरं. अण्णाजी खुर्चीवर. मी म्हटलं चालू करून दाखवतो. तुमची प्रार्थना सोडून माझी म्हटली, घाई केली नाही. बॅटरी उतरलेली असेल अशी भीती होती, पण गाडीने लगेच घेतलं. मी पाय काढला तर आवाज कमी होईना. वाढतच गेला. मी नॉब ओढला. तरी वाढला. किल्ली काढून हातात घेतली, तरी ओरडते आहे. मागून धूर असा निघाला की देऊळ दिसेना. निळा-पांढरा. झुलीला आग लागली असं कोणी ओरडलं. बैलांनी तोरण तोडलं आणि जोड्या पांगल्या. वासुदेवरावांचा बैल अण्णाजींच्या खुर्चीवरून गेला. अण्णाजी खुर्चीत नव्हते, देवळाच्या ओट्यावर चढले होते. आणि गाडी तिथेच उभ्याउभ्या थरथरत होती. मी ब्रेकवर दोन्ही पाय ठेवून बसलो होतो. उतरलो तर ती पोरांच्या अंगावर जाईल असं वाटत होतं, बसून राहिलो तर फुटेल असं वाटत होतं.

फुला धुरातून आली. दार उघडून म्हणाली, "बाबा, सरका." मी सरकलो. ती बसली, तिने ब्रेक दाबून धरला, टॉपचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि मेली. इतकं शांत झालं की बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला.

मी विचारलं, "तुले हे कसं येते व?"

ती काही बोलायच्या आत मागून महादेवरावांची बुढी म्हणाली, "तिले नाई येईन तं कोणाले येईन? रोज तं तेच चालवते. माही सून तिनंच नेली कारंज्याले." मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. पुंडलिकराव म्हणाले, "रूपराव, तुमाले माहीत नोतं काय?" आणि ते खरंच आश्चर्याने विचारत होते, की हसत होते, मला समजलं नाही.

रात्री रुख्माने सगळं सांगितलं. तुमचं पत्र फुलाला गेलं होतं हेही सांगितलं. फुला दर रविवारी ऑइल घालत होती. मीही घालत होतो. एक तुमच्या सांगण्यावरून, दुसरा तुमच्या खोट्यावरून.

मी तुमच्याशी एकदा खोटं बोललो. तुम्ही उत्तरात मला साऱ्या गावात वेडा केलंत. लहानूला मी चार महिने संशयाने पाहिलं. त्याने माझं काय बिघडवलं होतं?

अण्णाजी न जेवता गेले.

रूपराव


वर्धा
१४ सप्टेंबर १९८३

चि. रूपराव,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, तो तुझा. दुसऱ्यांदा राग आला, तो कोणाचा हे मी लिहीत नाही. पाप कबूल करायला नन्सनी शिकवलं होतं, पण ते पडद्याआड, अंधाऱ्या खोलीत. पोस्टाने करायचं असतं हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

तरी लिहिते. ऑइल सुकत नाही. डिझेल उडत नाही. सीट आपोआप सरकत नाही. मी हे सगळं रचलं. तू माझ्या शब्दावर एवढा विश्वास ठेवशील हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण तू बाकी कशात कधी ठेवला नाहीस.

गाडीला काय झालं ते आता खरं सांगते. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल असलं की आतला दांडा ते घुसळतो. त्याची वाफ आणि फेस हवेच्या वाटेने परत इंजिनातच जातो, आणि डिझेल इंजिन म्हणजे जे मिळेल ते जाळणारं. ते स्वतःचंच ऑइल पिऊन पळत होतं. तू नॉब ओढून डिझेल बंद केलंस, पण ते डिझेलवर चालतच नव्हतं. अशा वेळी एकच उपाय, हवा कोंडायची किंवा फुलाने केलं तसं गिअरमध्ये टाकून गळा दाबायचा. हे मी तिला कधीतरी वर्ध्याला बोलता बोलता सांगितलं होतं. तिने लक्षात ठेवलं.

आता सगळं ऑइल काढून टाक, नवं मोजून घाल. नोझल आणि हेड नागपूरला तपासून घ्यावं लागेल. पळालेलं इंजिन वरून ठीक दिसतं, आतून दिसतंच असं नाही.

लहानूला मी वेगळं पत्र टाकलं आहे. वाचून कोण दाखवील त्याला? तू दाखव. हीच तुझी शिक्षा, आणि माझीही.

अण्णाजींबद्दल मी काही लिहीत नाही. मी लिहिलं की काय होतं ते आपण पाहिलं.

दिवाळीची मुदत मी मागे घेते. गाडी परत मागणार नाही. मुदत घालण्याचा अधिकार मी फुलाला न विचारता वापरला. तूही कोठ्याचं कुलूप तिला न विचारताच वापरलंस. आपण एकाच घरातले, हे त्यावरून कळतं.

ताई


कारंजा (घाडगे)
१९ ऑक्टोबर १९८३

ती. आत्यांना नमस्कार.

बाबांनी तुम्हाला उत्तर लिहिलं नाही, लिहितील असं वाटतही नाही, म्हणून मी लिहिते.

लहानूकाकांना पत्र बाबांनीच वाचून दाखवलं. कोठ्यात उभं राहून दाखवलं. लहानूकाका ऐकून म्हणाले, "बाई लय शिकली हाय, पण सीधं लिवत नाई." बाबा हसले. त्यानंतर दोघं बैलांना वैरण टाकत बसले.

अण्णाजींकडून निरोप आला. मुलगी धीट आहे, पसंत आहे. फक्त लग्नानंतर गाडी चालवणं आणि नोकरी दोन्ही सोडावं, गाडी मात्र बरोबर यावी, ते ड्रायव्हर ठेवतील. बाबांनी निरोप ऐकून घेतला. दसरा झाला तरी उत्तर दिलं नाही. मीही विचारलं नाही. आई रोज माझ्याकडे आणि मग बाबांकडे पाहायची.

परवा गाडी नागपूरला न्यायची ठरली. बंडूजींनी ऑइल काढून नवं घातलं होतं, पण एक नोझल ठोकते आहे आणि थोडा निळा धूर आहे. सावकाश न्या म्हणाले. बाबांनी आधी कारंज्यात ड्रायव्हर पाहिला, पुंडलिकरावांचा पुतण्या. तो आला, बोनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, ही गाडी फुलाताईच्याच हातची आहे, मी नाही चालवत. मग बाबा म्हणाले, "चाल मंग."

ते मागे बसले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात छत्री. साहेब बसतो तसे. मला समजलं, रस्त्यावरच्या लोकांना वाटावं की ही कोणी ठेवलेली ड्रायव्हर आहे. कारंज्याच्या ढाब्यांपाशी ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, ते नेहमीच वाजवतात. बाबा प्रत्येक हॉर्नला खाली पाहत होते. आरशात दिसत होतं.

घाटाच्या चढावर मी गिअर खाली घेतला तेव्हा ते म्हणाले, "जोर काऊन कमी केला?" मी सांगितलं, चढावर ओढून नेली तर तापेल. ते म्हणाले, "बैलालेबी तसंच लागते." मग थोड्या वेळाने मागूनच विचारलं, "त्या बुढीची सून, तिले काय झालंतं?" मी सांगितलं. पोर आडवं होतं. "गाडी नसती तं?" मी म्हटलं, "नसती तं नाई." मला वाटतं आजीचं मनात आलं असेल, पण ते आजीबद्दल कधी बोलत नाहीत.

कोंढाळीच्या अलीकडे म्हणाले, "सिंदीले कळवलं."

"काय कळवलं?"

"का पोरगी कामावर असते. तिले सवड नाई."

मी गाडी बाजूला घेतली नाही, कारण चढावर थांबवली असती तर पुन्हा चालू व्हायला त्रास दिला असता. पण काही वेळ मला पुढचं नीट दिसत नव्हतं.

कोंढाळीला चहा घेतला. हॉटेलवाल्याने बाबांना विचारलं, "ड्रायव्हरबाईले चहा अथीच देऊ का गाडीत?" बाबा म्हणाले, "पोरगी हाय माही. टेबलावर दे."

चहा झाल्यावर ते गाडीपाशी गेले, मागच्या दाराला हात लावला, थोडं थांबले. मग बोनेटच्या पुढून वळसा घालून आले आणि माझ्या शेजारी बसले. छत्री पायाशी ठेवली. नागपूरपर्यंत तिथेच होते.

मी त्यावर काही बोलले नाही. तुम्हीही पत्रात काही लिहू नका.

तुमची
फुला